नऊ बहिणी आणि आपली कानबाई

दसऱ्याच्या सुमारास पाटीपूजन होतं, तेव्हा आपल्याकडची मुलं पाटीवर सरस्वती काढतात. ती काढायची रीतही ठरलेली आहे. एकाचे आकडे एकमेकांना जोडत जायचं, की त्यातून देवी उभी राहते. अजून धड मुळाक्षरं न आलेल्या पोराच्या हातून आधी देवी निघते आणि मग अक्षर. विद्या, वाणी, गाणं हे सगळं आपल्याला कुणीतरी दिलेलं आहे, ते आपल्या एकट्याच्या कर्तबगारीचं नाही, ही समजूत त्या पाटीबरोबरच मुलाच्या हाती येते.

ही समजूत फक्त आपलीच नाही. अडीच-पावणेतीन हजार वर्षांपूर्वी ग्रीस देशातल्या कवींचीही अशीच श्रद्धा होती. फरक एवढाच की त्यांची सरस्वती एक नव्हती, त्या नऊ बहिणी होत्या. त्यांना ‘म्यूझ’ म्हणतात. आज ग्रीसमध्ये त्यांची पूजा कुणी फारसं करत नाही, पण त्यांची नावं आपल्या तोंडी रोज येतात. ‘म्युझिक’ म्हणजे या म्यूझ देवींची कला आणि ‘म्युझियम’ म्हणजे त्यांचं ठाणं. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात राजाश्रयानं पंडितांची एक संस्था उभी राहिली. तिला म्यूझ देवींचं नाव दिलं होतं. तिथून तो शब्द फिरत फिरत आपल्या वस्तुसंग्रहालयापर्यंत आला.

या बहिणींची पहिली सविस्तर हकीकत सांगणारा कवी हेसिअड. त्याचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे ७०० चा. हा काही दरबारी कवी नव्हता. हेलिकॉन नावाच्या डोंगराच्या पायथ्याशी अस्क्रा म्हणून गाव होतं, तिथला हा शेतकरी. तो सांगतो, की आपण डोंगराच्या उतारावर मेंढरं राखत असताना या देवी भेटल्या. त्यांनी आधी काय केलं असेल, तर झाडलं! तुम्ही गुराखी म्हणजे नुसती पोटं, अशा अर्थाचं त्या बोलल्या. मग म्हणाल्या, की आम्हाला खऱ्यासारखं खोटं सांगता येतं आणि मनात आलं तर खरंही सांगता येतं. एवढं बोलून त्यांनी त्याच्या हाती एका झाडाची हिरवी फांदी दिली आणि त्याच्या छातीत गाणं फुंकलं.

या हकिकतीतला खऱ्याखोट्याचा भाग मला फार आवडतो. कवितेची देवी स्वतःच कबूल करते, की माझं सगळंच खरं धरू नका. इतका प्रांजळपणा देवांच्या कथांमध्ये सहसा सापडत नाही.

या बहिणींचे वडील म्हणजे ग्रीकांचा देवराजा झ्यूस. आईचं नाव नेमॉसिनी, म्हणजे स्मृती. कवितेची आई स्मृती! कल्पना, सौंदर्य, प्रेम असं काहीही त्यांना सुचलं असतं. त्यांनी निवडली ती आठवण. असं का, त्याकडे पुढे येऊ.

नऊ जणींची नावं हेसिअडनंच दिली आहेत. कॅलिओपी, क्लिओ, युटर्पी, थालिया, मेल्पोमिनी, टर्प्सिकोरी, इरॅटो, पॉलिहिम्निया आणि युरेनिया. कॅलिओपीकडे वीरकाव्य, क्लिओकडे इतिहास, युटर्पीकडे बासरी, थालियाकडे विनोदी नाटक, मेल्पोमिनीकडे शोकनाटक, टर्प्सिकोरीकडे नाच, इरॅटोकडे प्रेमकविता, पॉलिहिम्नियाकडे स्तोत्रं आणि युरेनियाकडे आकाशातले तारे, अशी खातेवाटणी कोशात सापडते. ती पुष्कळ नंतरची आहे. सरकारी खात्यांसारखी ही यादी पाठ करण्यात फारसा अर्थ नाही.

त्यापेक्षा पॉसेनिअस नावाच्या ग्रीक प्रवाशानं दिलेली माहिती अधिक मोलाची आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात तो हेलिकॉनवर गेला होता. तो लिहितो, की इथे पूर्वी नऊ नव्हे, तीनच देवी मानत. एकीचं नाव मेलेटी, म्हणजे सराव. दुसरी नेमी, म्हणजे आठवण. तिसरी ऑइडी, म्हणजे गाणं. आपल्याकडच्या कुठल्याही गवयाला, भजनी बुवाला किंवा गोंधळ्याला विचारा. रियाज, पाठांतर आणि मग गाणं, याच क्रमानं तो सांगेल. आधी सराव आणि मग गाणं, हे ग्रीकांनी देवींच्या नावातच बसवून टाकलं होतं.

आता स्मृतीकडे वळू. होमरच्या नावावर असलेली ‘इलियड’ आणि ‘ओडिसी’ ही दोन महाकाव्यं देवीला हाक मारूनच सुरू होतात. ‘इलियड’च्या दुसऱ्या भागात ट्रॉयवर चालून गेलेल्या जहाजांची आणि सरदारांची लांबलचक यादी आहे. ती सुरू करण्यापूर्वी कवी पुन्हा थांबतो आणि म्यूझ देवींना विनवतो. त्याचा आशय असा, की तुम्ही तिथे हजर होता, तुम्हाला सगळं ठाऊक आहे. आमच्या कानावर नुसती वार्ता आली. या मागणीत प्रतिभेचं नाव नाही. कवीला हवी आहेत ती नावं. कोण कुठून आला आणि किती जहाजं घेऊन आला, हे न चुकता सांगायचं आहे आणि समोर कागद नाही. अशा वेळी स्मृतीच्या मुलींना बोलावण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

कागदाशिवाय हजारो ओळी कशा गाता येत असतील, हा प्रश्न विसाव्या शतकात मिल्मन पॅरी या अमेरिकन अभ्यासकाला पडला. तो १९३३ ते १९३५ या काळात युगोस्लाव्हियात जाऊन लोकगायकांची गाणी तबकड्यांवर उतरवून घेत होता. सोबत त्याचा विद्यार्थी आल्बर्ट लॉर्ड असे. तिथे त्यांना अव्दो मेजेदोविच नावाचा गायक भेटला. धंद्यानं खाटीक, लिहिता-वाचता येत नसे. त्यानं बारा हजारांहून अधिक ओळींचं एक काव्य सांगितलं, म्हणजे जवळजवळ ‘ओडिसी’एवढं. पॅरी १९३५ सालीच वारला. लॉर्डनं पुढे १९६० मध्ये पुस्तक लिहून या गायकांचं गुपित उलगडून दाखवलं. ते सगळं शब्द न् शब्द पाठ करत नसत. त्यांच्याजवळ मोजून-मापून तयार असलेले शब्दसमूह असत. वीराचं वर्णन, घोड्याचं वर्णन, पहाट होणं, पत्र येणं, यासाठी ठरलेल्या ओळी असत. गाता गाता ते त्या जुळवत जात आणि त्यांच्या आधारानं नवी ओळ रचायला वेळ काढत. स्मृती म्हणजे नुसती साठवण नव्हे, ती रचण्याची हातोटी आहे, असं लॉर्डच्या मांडणीवरून म्हणता येतं.

हे वाचताना मराठी माणसाला जातं आठवल्यावाचून राहत नाही. पहाटे दळायला बसलेली बाई याच रीतीनं ओवी रचत असे. ठरलेली चाल, जात्याच्या फेऱ्याचा ठेका, ‘बाई’ किंवा ‘सयांनो’ अशी मधली भरती, पहिली ओळ वडिलार्जित आणि दुसरी आपल्या घरची. भावाचं नाव, गावाचं नाव, सासरचा जाच हे त्या दुसऱ्या ओळीत यायचं. पुण्यातल्या हेमा राइरकर आणि गी प्वातवँ यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवून घेतल्या. आज त्यांतल्या पुष्कळ ओव्या ‘पारी’ या संस्थेच्या संग्रहात ऐकायला मिळतात. एक लाख ओव्या! आणि या रचणाऱ्यांपैकी कुणालाही आपण कवयित्री आहोत असं वाटलं नसेल.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याला लागून लोणखेडा आहे. गोमाई नदी शहाद्यावरून वाहत जाऊन प्रकाशापाशी तापीला मिळते. उत्तरेला सातपुडा आहे. या टापूत मराठीबरोबर अहिराणी, गुजरी, भिली, पावरी अशा बोली कानावर पडतात. एवढ्या बोली असलेल्या मुलखात गाण्याच्या देवी एकदोन असणं शक्यच नाही.

खानदेशातल्या घराघरांत मानली जाणारी देवी म्हणजे कानबाई, कुणी कानुबाई म्हणतात. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी तिची स्थापना होते. नारळाला देवीचं रूप देतात, दागिन्यांनी मढवतात. भाऊबंद कामधंद्याच्या गावाहून परत येतात. रोटांसाठी गहू दळले जातात, पुरणपोळी आणि गंगाफळाची भाजी होते. रात्रभर जागरण असतं आणि बायका अहिराणी गाणी म्हणतात. दुसऱ्या दिवशी सोमवारी देवीला डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर नेतात.

या गाण्यांत कानबाई सासरी-माहेरी जाते, रुसते, नटते, तिला पाहुणचार लागतो. ती देवी असते आणि घरातली लेकही असते. पितृपक्षाच्या आगेमागे, भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत, मुली गुलाबाई मांडतात. शेजारच्या विदर्भात तिला भुलाबाई म्हणतात. भुलाबाई म्हणजे भिल्लिणीच्या रूपातली पार्वती, असं सांगितलं जातं. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्याला ही गोष्ट जरा जास्तच जवळची वाटेल. आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर बसून गौराईची गाणी म्हणतात, हे तर खानदेशात कुणाला नव्यानं सांगायला नको.

ग्रीकांची म्यूझ एका माणसाला निवडते. बहुधा तो पुरुष असतो आणि बाकीचे ऐकणारे असतात. सॅफो या कवयित्रीला पुढे ‘दहावी म्यूझ’ म्हटलं गेलं, ते कौतुक खरं. पण बाई कवी असणं हा तिथे अपवादच होता, हेही त्यातून दिसतं. कानबाई, गुलाबाई, गौराई कुणा एकीला निवडत नाहीत. त्या येतात तेव्हा घरातल्या आणि गल्लीतल्या सगळ्याच गातात. जिचा गळा चांगला नाही तीही गाते. यात डावं-उजवं करायचंच झालं, तर माझं मत आपल्या गल्लीकडे झुकतं.

तरी एकटीला निवडणारी देवी आपल्याकडे नाही असं नव्हे. बहिणाबाई चौधरींचं उदाहरण खानदेशातच आहे. जळगावजवळच्या असोद्याला १८८० साली त्यांचा जन्म झाला. शाळेचं तोंड पाहिलं नाही. लग्न, लवकर आलेलं वैधव्य, शेती आणि लेकरं यांत जन्म गेला. कामाबरोबर गाणी सुचत गेली. एका गाण्यात तर आपल्याला बोलायला शिकवणारी सरस्वती आहे, असं त्यांनी सांगून टाकलं आहे. हेसिअड मेंढरं राखताना भेटलेल्या देवींबद्दल जे म्हणतो, त्यापेक्षा हे वेगळं काय आहे? आपल्याकडे संत ज्ञानेश्वरांनी शारदेला वंदन केलं, समर्थांनी ‘दासबोधा’च्या पहिल्याच दशकात शारदेचं स्तवन घातलं. ते विद्वानांचे संकेत होते असं कुणी म्हणेल. बहिणाबाईंना संकेत पाळायचा नव्हता. ज्यांना गुरू नव्हता, शाळा नव्हती, त्यांच्या दृष्टीनं ती साधी वस्तुस्थिती होती.

बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ रोजी वारल्या. त्यांचे कवी पुत्र सोपानदेव यांच्याजवळ वहीत उतरवून ठेवलेली काही गाणी होती. ती आचार्य अत्र्यांनी पाहिली आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक अत्र्यांच्या प्रस्तावनेसह निघालं. म्हणजे बहिणाबाईंनी आपलं पुस्तक पाहिलंच नाही. २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं. घरात लिहिणारा मुलगा नसता तर? त्याच काळात, त्याच शिवारांत, गाणी सुचलेल्या आणखी किती बाया असतील आणि त्यांच्या घरी वही नसेल!

म्यूझ देवींचं आणखी एक नातं सांगायला हवं. त्या पाण्याच्या काठी राहतात. हेलिकॉनवर हिप्पोक्रीन नावाचा झरा होता. पेगॅसस या पंखवाल्या घोड्याच्या टापेनं तो फुटला, अशी कथा आहे. चोपडा तालुक्यातल्या उनपदेवच्या गरम झऱ्यामागे रामाचा बाण सांगतात, तसंच हे. आपली सरस्वतीही ऋग्वेदात नदी आहे आणि देवीही. पाण्याच्या काठच्या बहिणी म्हटल्यावर मात्र सरस्वतीपेक्षा आधी आठवतात त्या साती आसरा. विहिरीजवळ, डोहाजवळ शेंदूर लावलेले सात दगड असतात, त्या या. त्यांची मत्सी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, मकरी ही नावं मासा, कासव, खेकडा, बेडूक, मगर यांवरून पडली आहेत. ‘आसरा’ हा शब्द ‘अप्सरा’वरून आला असं मानतात. त्या गाणं देत नाहीत. पण माणसाला ‘लागतात’. आसरा लागली म्हणजे बाई भलतंच बोलू लागते, असा समज. ग्रीकांतही पाण्याच्या अप्सरांनी धरलेल्या माणसासाठी ‘नुम्फोलेप्तोस’ असा खास शब्द होता. असा माणूस झपाटलेला असे आणि कधी कधी त्याच्या तोंडून भविष्य वा काव्यही निघे.

म्हणजे आपण ज्याला ‘अंगात येणं’ म्हणतो ते आणि कविता, यांत ग्रीकांना फार अंतर वाटत नव्हतं. ‘एन्थुझिॲझम’ हा उत्साहासाठीचा इंग्रजी शब्द मूळ ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ अंगात देव असणं, असा आहे. प्लेटोनं ‘आयॉन’ नावाच्या संवादात यासाठी लोहचुंबकाचा दाखला दिला आहे. चुंबकाला एक कडी चिकटते, तिला दुसरी, दुसरीला तिसरी. देवी म्हणजे चुंबक, कवी पहिली कडी, त्याचं काव्य म्हणणारा दुसरी आणि ऐकणारा शेवटची. प्लेटोला हे कवीचं कौतुक म्हणून सांगायचं नव्हतं. कवीला आपण काय बोलतो ते स्वतःला कळत नाही, असा त्याचा टोमणा होता. पण गोंधळात संबळ घुमू लागल्यावर देवीपासून गोंधळ्यापर्यंत आणि गोंधळ्यापासून मागे बसलेल्या म्हातारीपर्यंत काय पोचतं, हे ज्यानं पाहिलं आहे त्याला तो दाखला टोमण्यापेक्षा मोठा वाटेल.

आणि अंगात आलेली देवी नेहमी भलतंच बोलते असंही नाही. १९२२ साली दक्षिण गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात एक देवी आली. ती अनेकांच्या अंगात येऊन बोलू लागली. दारू सोडा, मांस सोडा, रोज अंघोळ करा, दारूच्या दुकानदारांशी व्यवहार तोडा, असं तिचं सांगणं होतं. हजारो लोकांनी ते ऐकलं. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकारानं १९८७ मध्ये या चळवळीवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. ज्यांच्या शब्दाला सावकार आणि सरकार यांच्यापुढे किंमत नव्हती, त्यांचं म्हणणं देवीच्या तोंडून निघालं, तेव्हा त्याला वजन आलं. कवितेच्या देवीचं कामही हेच आहे, असं मला वाटतं. गुराख्याच्या बोलण्याकडे कुणी लक्ष दिलं नसतं, म्हणून हेसिअडला हाती देवीची फांदी लागली.

सातपुड्यातल्या आदिवासींची मोठी देवी म्हणजे याहामोगी, देवमोगरा माता. ‘याहा’ म्हणजे आई. तिचं ठाणं आज गुजरातच्या नर्मदा जिल्ह्यात, सागबारा तालुक्यात देवमोगऱ्याला आहे आणि महाशिवरात्रीच्या यात्रेला आपल्या बाजूनंही माणसं लोटतात. ती धान्य देणारी आई आहे. तिची कथा पोथीत नव्हती, ती गाऊन सांगायची. एका मोठ्या समाजाचा इतिहास, भूगोल आणि नातीगोती अशा गाण्यांत ठेवलेली असतात, होमरच्या जहाजांच्या यादीसारखी. त्याच समाजातून पुढे लिहिणारे कवीही आले. शहादा भागातल्या श्रमिक चळवळीतले वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा भिली आणि मराठी कवितांचा संग्रह १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. गाण्यातून कागदावर येण्याचा तो टप्पा महत्त्वाचा होता.

पण कागदावर येणारं थोडं आणि विसरलं जाणारं फार, अशी आज स्थिती आहे. पिठाची गिरणी आली आणि जातं कोपऱ्यात गेलं. यात हळहळण्यासारखं काही नाही. पहाटे तीनला उठून दळणाऱ्या बाईला विचारून पाहा. पण जात्याबरोबर ठेका गेला आणि ठेक्याबरोबर ओवी रचायची हातोटीही गेली. कानबाईच्या मिरवणुकीत आता ध्वनिक्षेपकाच्या भिंती आल्या आहेत. त्यांच्यापुढे बायकांचा आवाज पोचत नाही. मुलीला अहिराणी समजते, पण बोलायला ती लाजते. भिली-पावरी बोलणारं पोर वर्गात गप्प बसतं. स्मृतीच्या मुलींना राहायला जागाच उरत नाही.

उलट बाजूही आहे. पॅरीला तबकड्या आणि अवजड यंत्रं घेऊन डोंगरात जावं लागलं होतं. आज ते यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे. श्रावणातल्या कानबाईच्या जागरणाला घरची आजी, मावशी, काकू एकत्र असतात, तेवढी एक रात्र त्यासाठी पुरे. फक्त काही पथ्यं पाळावीत. नुसतं गाणं नको, कुणाकडून शिकलीस, कोणत्या गावात, कोणतं काम करताना म्हणायची, हेही विचारून घ्यावं. एकच गाणं दोघी वेगळं म्हणत असतील तर दोन्ही घ्यावीत, बरोबर कोणतं ते ठरवू नये. मधेच विसरली तर विसरू द्यावं, थोड्या वेळानं शेजारची ओळ उचलते. आणि उतरवून घेताना अहिराणीची शुद्ध मराठी करू नये.